पाऊलवाट, पण कोणाची?

ओहोटीच्या वेळी वाशीच्या खाडीकाठी उभे राहून पाहा. उघड्या पडलेल्या गाळावर, बिळांच्या आसपास, खेकड्यांच्या पायांची बारीक टोचणी उमटलेली दिसेल. (गाळात मात्र उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो.) भरती आली की हे सारे पुसले जाते. क्वचित कोठे असे ठसे पुसले जाण्याआधीच गाळाच्या नव्या थराखाली झाकले जातात आणि कोट्यवधी वर्षांनी खडकात सापडतात. पारसिकच्या डोंगरात ते शोधू नका. तो लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण आहे. राजस्थानातील नागौर वालुकाश्मात मात्र ट्रायलोबाइटसारख्या संधिपाद प्राण्यांच्या, ५० कोटी वर्षांहून जुन्या खुणा मिळाल्या आहेत.

असे ठसे कोणाचे, हे कसे ठरवाल? आधी दोन रांगांमधले अंतर मोजा. मग एका रांगेत ठरावीक ठशांचा गट पुन्हापुन्हा येतो का ते पाहा. गटातले ठसे मोजले की त्या बाजूला निदान किती पाय टेकत होते ते कळते. ‘निदान’ अशासाठी, की मागचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्या खुणेवरच पडतो. शिवाय हाती आलेला थर खऱ्या पृष्ठभागाखालचा असेल, तर हलक्या पायांचा दाब तेथवर पोचलेलाच नसतो. रांगांमध्ये सलग चर दिसला, तर बहुधा शेपटी घासत गेली असे समजावे.

यात भल्याभल्यांची फसगत झाली आहे. कॅनडातील क्वेबेकमध्ये मिळालेले असे ठसे रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये कासवाचे ठरवले. अधिक नमुने पाहिल्यावर १८५२ मध्ये त्यानेच मत बदलले, ते संधिपाद प्राण्याचे मानले आणि त्यांना ‘प्रोटिक्नाइट्स’, म्हणजे ‘पहिली पावले’, हे नाव दिले. नाव ठशांना दिले, प्राण्याला नव्हे. याला कारण आहे. पातळ चिखल, घट्ट गाळ आणि कोरडी वाळू यांवर एकच खेकडा तीन तऱ्हांचे ठसे उमटवील. उलट दोन निराळे प्राणी सारखेच ठसे ठेवून जातील. म्हणून ठशांचे वर्गीकरण त्यांच्या आकारावरून, स्वतंत्रपणे करतात.

वाटेचा धनी वाटेवरच सापडणे फार विरळा. जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडकात सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीची, ९.७ मीटर लांबीची अशी एक पाऊलवाट मिळाली. तिच्या टोकाशी, घोड्याच्या नालेसारखे कवच असलेला तो ‘खेकडा’ (नावाचाच खेकडा; त्याचे नाते विंचू-कोळ्यांशी) मेला त्या जागीच दगड होऊन पडला आहे.