जिंकलेल्या दाव्याचा खर्च

भाऊबिजेचे तबक आत गेले, चिवडा-चकलीच्या बशा बाहेर आल्या, आणि आमच्या मेहुण्याने पिशवीतून एक वही काढली. लातूरहून नांदेडला बहिणीकडे तो दरवर्षी येतो. वही मात्र यंदा प्रथमच आली.

"दाजी, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. एवढा एक माझा तपासून द्या."

पहिल्याच पानावर लाल शाईने मथळा होता : 'जिंकलेल्या दाव्याचा खर्च.'

मेहुण्याचा लातुरात लहानसा कारखाना आहे. लोखंडी सांगाड्याचे शाळेचे बाक तो बनवतो. गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयाने बाकांसाठी निविदा मागवल्या. कार्यालयाचे नाव सांगत नाही. भांडण नावाशी नाही. याने निविदा भरली, नमुन्याचा बाक नेऊन दिला, बयाणा रक्कम भरली. तांत्रिक लिफाफा उघडला आणि हा बाद! कारण काय, तर अमुक एक प्रमाणपत्र जोडलेले नाही. गंमत अशी, की ते प्रमाणपत्र जाहिरातीत कोणी मागितलेच नव्हते.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. ते शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. पण अंतर काही कमी झालेले नाही. सुमारे अडीचशे किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. मेहुण्याने अशा सहा खेपा केल्या. अखेर निकाल त्याच्या बाजूने लागला : जी अट जाहिरातीत नव्हती, तिच्यापायी निविदा बाद करता येणार नाही. घरोघरी पेढे वाटले गेले. आठ दिवसांनी कार्यालयाने सगळी निविदाच रद्द केली आणि नव्याने मागवायचे ठरवले. हाती काम नाही. आणि निकालाच्या अखेरच्या ओळीत लिहिलेले, खर्चाबाबत आदेश नाही. म्हणजे ज्याचा खर्च त्याने सोसावा.

वहीतला हिशेब असा होता : अर्जाची फी व संगणकी सही, 6,200. नमुना बाक व त्याची चाचणी, 21,500. वकीलसाहेब, 70,000. न्यायालयीन कागदपत्रे, 8,300. प्रवास व मुक्काम, 14,400. एकूण 1,20,400 रुपये. बयाणा परत मिळाला, पण बिनव्याजी. मी बेरीज दोनदा केली. बेरीज बरोबर होती. चुकले होते ते दुसरेच काहीतरी.

आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, चूक त्यांची ना? मग पैसे याचे का?"

प्रश्न एका ओळीचा. पण त्याच्या उत्तरासाठी मला आठ दिवस कायद्याची पुस्तके चाळावी लागली. वाचकहो, जे सापडले ते सांगतो.

खर्च दोन जातींचा असतो. एक निविदा भरण्याचा, दुसरा दाद मागण्याचा. पहिल्याबद्दल बहुतेक निविदांत एक कलम ठरलेले असते : खर्च भरणाऱ्याचा, निकाल काहीही लागो. एरवी यात अन्याय नाही. मुलगी पाहायला आलेल्यांनी नकार मिळाल्यावर गाडीभाडे मागायचे नसते. पण लग्न आधीच दुसरीकडे ठरले असेल, आणि केवळ देखाव्यासाठी पाहुणे बोलावून पोहे खाऊ घातले असतील तर? मग गाडीभाडे मागणाऱ्याला कोण हसेल?

दाद मागण्याचा इतिहास तर आपल्या मुंबईतलाच आहे. 1977 साली मुंबईच्या विमानतळावर उपाहारगृह चालवण्यासाठी निविदा मागवल्या होत्या. अट होती पाच वर्षांच्या अनुभवाची, तीही नोंदणीकृत दुय्यम दर्जाच्या हॉटेलवाल्याची. काम मिळाले ते ही अट न पुरवणाऱ्याला. रामन्ना दयाराम शेट्टी यांनी दाद मागितली. 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सरकारने स्वतः घातलेली अट सरकारवरही बंधनकारक आहे. आजही हा निकाल वकील तोंडपाठ सांगतात. पण शेट्टी यांच्या पदरात काय पडले? ते उशिरा आले, तोवर समोरच्याने दुकान थाटण्यात बराच पैसा घातला होता, म्हणून ठेका रद्द झाला नाही. तत्त्व जिंकले, अर्जदार रिकाम्या हाताने घरी गेला.

2022 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका निकालात म्हटले, की निविदेत मनमानी झालेली दिसली तरी न्यायालयांनी सार्वजनिक काम अडवण्यापेक्षा अन्याय झालेल्याला नुकसानभरपाई मागायला सांगावे. रस्ते-पूल रखडू नयेत, हा हेतू चांगलाच. पण भरपाईसाठी पुन्हा वेगळा दावा, पुन्हा वकील, पुन्हा खेपा!

अमेरिकेत याची रीत घालून दिलेली आहे. तिथले सरकारी हिशेब तपासणारे कार्यालय 1984 च्या कायद्याने अशा तक्रारी ऐकते आणि शंभर दिवसांत निर्णय देते. तक्रार खरी ठरली तर ते त्या खात्याला शिफारस करते, की तक्रारीचा खर्च, वकिलाच्या फीसकट, भरून द्या; प्रसंगी निविदा तयार करण्याचाही. शिफारस मिळाल्यापासून साठ दिवसांत तपशीलवार हिशेब त्या खात्याकडे द्यावा लागतो. मोठ्या कंपन्यांना वकिलाच्या फीवर तासाला दीडशे डॉलरची मर्यादा आहे. लहान उद्योगांना ती नाही. बुडालेला नफा मात्र कोणालाच मिळत नाही. चूक उघड असूनही खात्याने ती सुधारायला विनाकारण वेळ लावला, तर निकालापूर्वी माघार घेतली तरी खर्चाची शिफारस होऊ शकते.

कोणी म्हणेल, सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा. तो असा का वाटायचा? मीही सरकारी पैशाच्या हिशेबातच केस पांढरे केले, म्हणून सांगतो. मागणी हरलेल्या प्रत्येकाची नाही. ज्याची तक्रार खरी ठरली, त्याचीच आहे. तो खर्च आपण आज दिला नाही, तर उद्या निराळ्या वाटेने देतो. प्रामाणिक लहान कारखानदार पुढच्या वेळी निविदाच भरत नाही. पाचांच्या जागी दोघे उरतात, बाकाचा भाव चढतो, आणि तो आपल्याच करातून जातो.

आपल्याकडे वाट अगदीच बंद आहे असे नाही. खर्च द्यायचा की नाही, हे न्यायालयाच्या विवेकावर असते. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी दाव्यांबाबत सांगितले, की खर्च नावापुरता नसावा. झालेला वाजवी खर्च मिळावा, त्यात प्रवास आणि मुक्कामही धरावा. पण मागितल्यावाचून आईसुद्धा वाढत नाही! मेहुण्याला मी विचारले, "याचिकेत खर्चाची मागणी केली होतीस? न्यायालयापुढे आकडे ठेवले होतेस?"

तो गप्प झाला. वही त्याने निकालानंतर लिहायला घेतली होती. लॉजच्या पावत्या कधीच फाडून टाकल्या होत्या.

रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने हळूच सांगितले, की त्याच बाकांची नवी निविदा निघाली आहे. मुदत सोमवारपर्यंत. "दाजी, भरू का सोडून देऊ? पुन्हा तसेच झाले तर लढायला आता जवळ काही नाही."

मला उत्तर सुचेना. सौभाग्यवती उठल्या, कपाटातून एक कोरी वही आणली आणि भावाच्या हातात दिली.

"ओवाळणी तू मला घातलीस, ही माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "या वेळी पहिल्या दिवसापासून लिही. आणि पावती फाडू नकोस."

सोमवारी दुपारी लातूरहून फोन आला. निविदा भरली होती. नव्या वहीत पहिली नोंद झाली होती : अर्जाची फी, पावती सोबत टाचली आहे.