दवाखान्यातील बुद्धवचन

इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेले महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. १९५६ साली नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यामुळे बुद्धांचे नाव आपल्या परिसरात नित्य कानी पडते. तथापि त्या उपदेशाचा आपल्या व्यवसायाशी काही संबंध असेल, असे मला बरीच वर्षे वाटले नव्हते. तो धडा एका रुग्णामुळे मिळाला.

साठीच्या एक बाई मधुमेहासाठी माझ्याकडे येत. रक्तशर्करा दर वेळी वाढलेली आणि 'गोळ्या वेळेवर घेते' हे उत्तर ठरलेले. एका संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी त्यांना चारचौघांत फटकारले. त्या निमूटपणे उठून गेल्या. सात महिन्यांनी आल्या, तेव्हा पायाची जखम चिघळली होती. एक बोट काढावे लागले. मग सुनेकडून कळले, की पैसे पुरावेत म्हणून पती-पत्नी एकाच्या गोळ्या दोघांत वाटून घेत होते.

पुढे विनयपिटकातील महावग्गाचे वाचन घडले. अतिसाराने ग्रस्त असा एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना दिसला. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाकरवी पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग भिक्षूंना बोलावून त्यांनी सांगितले, की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

याच प्रकरणात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत: औषध सिद्ध करण्याचे कौशल्य, पथ्यापथ्याची जाण, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा, मलमूत्राची किळस नसणे आणि धर्मवचनांनी रुग्णाचे मन प्रसन्न करणे. पहिले दोन गुण आपल्याला महाविद्यालयात मिळतात, उरलेल्यांसाठी मात्र परीक्षा नसते.

रुग्णाच्या गुणांमध्ये 'आपला आजार जसा आहे तसा सांगणे' हाही एक आहे. हे वाचताना मी थांबलो. त्या बाईंनी खरे सांगितले नाही, हे खरेच; परंतु खरे सांगता येईल अशी जागा मी ठेवली होती काय?

संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शारीरिक वेदना हा पहिला बाण. त्यावर शोक आणि संताप करीत राहणे हा दुसरा. पहिला कोणालाच चुकत नाही, दुसरा मात्र टाळता येतो. माझा संताप हा त्या बाईंना लागलेला दुसरा बाण होता. त्यानंतर मी स्वतःला दोष देत कित्येक रात्री काढल्या, तो माझा दुसरा बाण.

आता पुढच्या रुग्णाला बोलाविण्यापूर्वी मी तीन श्वास शांतपणे न्याहाळतो. शर्करा वाढलेली दिसली, की 'गोळ्या घेता का?' असे न विचारता 'गोळ्या महिनाभर पुरतात का? परवडतात का?' असे विचारतो. शक्य तेथे स्वस्त जेनेरिक औषध लिहितो. यास फार तर दोन मिनिटे अधिक लागतात.

त्या बाई आजही येतात. परवा आपणहून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, या महिन्यात चार दिवस गोळ्या चुकल्या." मी तसे कागदावर लिहून घेतले आणि त्यांना बसावयास सांगितले.