विवर्धकाची शेवटची पायरी

ऑपरेशनल ॲम्प्लिफायर हे नाव लांबलचक आहे. या धंद्यातली मंडळी त्याला नुसते ऑप-ॲम्प म्हणतात. आपणही तेच म्हणू. क्षीण संकेत घ्यायचा आणि लाख-दोन लाख पटींनी वाढवायचा, हे या विवर्धकाचे काम. हा सारा कारभार तांदळाच्या दाण्यावर मावेल एवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, म्हणजे चिपवर, चालतो. पण संकेत वाढवला म्हणजे काम संपलं का? नाही. तो पुढच्या यंत्रात प्रत्यक्ष प्रवाह देऊन ढकलावा लागतो. ही ढकलाढकल करणारी ती शेवटची पायरी. चिपवरची जागा आणि बॅटरीतली वीज यांतला मोठा वाटा तीच खाते.

एकच ट्रान्झिस्टर लावून त्यातून सतत भरपूर प्रवाह सोडून ठेवला, तर आवाज स्वच्छ येतो. पण गाणे चालू असो की शांतता, बॅटरी सारखीच झिजते. म्हणून दोन ट्रान्झिस्टर लावतात : एक प्रवाह बाहेर ढकलणारा, दुसरा आत ओढणारा. वखारीत दोन माणसे मोठी करवत कशी चालवतात, ते आपण पाहिलेच असेल. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो. मात्र सैल सोडणारा मूठ सोडून देत नाही, हलका हात ठेवतो. मूठच सोडली तर पुढच्या खेपेला करवत अडकते.

ट्रान्झिस्टरांचेही तसेच. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट दाब मिळाल्याखेरीज जागा होत नाही. म्हणजे एक थांबला आणि दुसरा अजून सुरू व्हायचा आहे, अशी सुमारे १.२ व्होल्टची मुकी जागा मध्ये राहते. मोठ्या आवाजात ती खपून जाते. पण तंबोऱ्याचा स्वर विरत चालला असेल, तर नेमका त्या शेवटच्या नाजूक भागातच खरखर उमटते. १९६५ साली फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी आखलेल्या ७०९ क्रमांकाच्या ऑप-ॲम्पमध्ये हा दोष होता. फीडबॅक, म्हणजे बाहेर आलेला संकेत परत आत नेऊन चूक सुधारणे, हा उपाय त्यावर बराच चालतो. पण जलद संकेतांना फीडबॅकचा जोर पुरा पडत नाही.

१९६८ साली डेव्ह फुलागर यांचा ७४१ आला. त्यात दोन्ही ट्रान्झिस्टरांना आधीपासून थोडासा दाब देऊन जागे ठेवले होते. हलका हात ठेवणे म्हणतो, ते हेच. हा दाब कायम एकच ठेवून मात्र चालत नाही बरं का! ट्रान्झिस्टर तापला की त्याला लागणारा दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, मग प्रवाह वाढतो, आणि तो आणखी तापतो. पण एकाच चिपवर शेजारी घडवलेले ट्रान्झिस्टर जुळ्या भावंडांसारखे असतात. एकाचा दाब दुसऱ्याच्या मापाने ठरवला की दोघे बरोबरच तापतात आणि बरोबरच निवतात. शिवाय तार चुकून जमिनीला टेकलीच, तर २५ ओहमच्या रोधकावरचा दाब सुमारे २५ मिलिॲम्पिअरला ०.६ व्होल्टवर पोहोचतो आणि एक राखणदार ट्रान्झिस्टर जागा होऊन प्रवाह आवरतो. मला तरी ७४१ मधली ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

पुढे अडचण आली ती बॅटरीची. ७४१ मध्ये वर आणि खाली प्रत्येकी एक-दोन व्होल्ट वाया जातात. अधिक-उणे १५ व्होल्टांच्या पुरवठ्यात त्याचे काही वाटत नाही. दोन पेन्सिल सेलांच्या ३ व्होल्टांत ते कसे परवडणार? म्हणून मॉस जातीचे दोन ट्रान्झिस्टर असे जोडू लागले, की बाहेरचा संकेत पुरवठ्याच्या दोन्ही काठांपर्यंत जावा. त्यांचा हलका हात सांभाळण्याची एक सुटसुटीत तऱ्हा डेनिस मॉन्टिसेली यांनी १९८६ साली मांडली. दोघांच्या गेटांमध्ये उलटसुलट जोडलेले दोन छोटे ट्रान्झिस्टर बसवायचे. एक गेट फार ओढले गेले, की छोट्यांपैकी एक सगळा प्रवाह स्वतःकडे घेतो, आणि विसावलेल्या मोठ्या ट्रान्झिस्टरला पुरता झोपू देत नाही.

मात्र या छोट्या जोडीला प्रवाह पुरवायला वेगळी शाखा ठेवली, तर तिची खरखर आणि चूक थेट मूळ संकेतात मिसळते. डेल्फ्टचे योहान हॉइसिंग, रॉन होगरव्होर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली ही जोडी आधीच्या पायरीच्या आतच बसवली. आपल्या चुलीला वैल असतो ना, तसे : लाकूड तेवढेच, पण त्याच जाळावर दुसरे भांडेही शिजते. प्रवाह पुरवणारा भागही त्यांनी त्याच घडणीचा केला. त्यामुळे सेल उतरत गेले तरी स्वस्थ असतानाचा प्रवाह ढळत नाही. सगळा ऑप-ॲम्प ०.०४ चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाची बाजू असलेल्या चौकोनात, मावला. एवढा लहान असला म्हणजे एकाच चिपवर तो अनेक ठिकाणी पेरता येतो.

याची मर्यादाही ध्यानात घ्या. छोट्या जोडीचे गेट एकावर एक रचलेल्या दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबावर उभे असते. वर प्रवाह सोडणाऱ्यालाही थोडी जागा लागते. एका ट्रान्झिस्टरला ०.८ व्होल्ट धरले तरी दोहोंचे १.६ झाले. १.५ व्होल्टच्या एकाच सेलवर ही रचना उभी राहत नाही. तिथे कमी दाबात जागे होणारे ट्रान्झिस्टर तरी हवेत, नाहीतर हलका हात ठेवण्याची दुसरी वाट.