सिकलसेलच्या कळा आणि पांढऱ्या पेशींचे निरोप

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा येतात, असे सहसा सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. रक्तवाहिनी तुंबवण्यात पांढऱ्या पेशींचाही मोठा हात असतो.

निरोगी माणसाच्या पायात काटा रुतला, की तिथल्या भक्षक पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अशी रसायने सोडतात. त्यासरशी जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची चिकट प्रथिने उगवतात. रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्यांना अडखळत मंदावतात, इंटरल्युकिन-८ चा इशारा मिळताच घट्ट चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडून जखमेकडे सरकतात. तिथे पोचलेल्या पेशी ल्युकोट्रिन बी-४ सोडून आणखी पेशींना बोलावतात. काम उरकले की न्यूट्रोफिल मरतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि दाह शमवणारी रसायने सोडू लागतात.

सिकलसेलमध्ये काटा रुतलेला नसतानाही हाक जात राहते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी तांबडी पेशी इथे १० ते २० दिवसांत फुटते. तिच्यातून सुटलेले, हिमोग्लोबिनमधले हीम अस्तराला इजेची खूण वाटते आणि अस्तराच्या पेशीत साठवलेले पी-सिलेक्टिन काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. न्यूट्रोफिल चिकटतात आणि जवळून जाणाऱ्या वाकड्या तांबड्या पेशींना धरून ठेवतात. वाहिनी तुंबते, प्राणवायू घटतो, आणखी पेशी वाकतात. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजणे हे पुष्कळदा याचेच पहिले लक्षण असते. ताप, थंडी, अंगातले पाणी कमी होणे यांनीही कळांना निमित्त मिळते.

या रुग्णांत संसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशींची संख्या अनेकदा चढी असते. ती जितकी जास्त, तितका अकाली मृत्यूचा धोका अधिक, असे अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते, तसेच न्यूट्रोफिलही घटवते. मात्र न्यूट्रोफिल फार घटले तर संसर्ग बळावतो; त्यात या रुग्णांची प्लीहा बहुधा आधीच निकामी होत आलेली असते. म्हणून औषधासोबत ठरावीक काळाने रक्ततपासणी हवीच, आणि सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत गोळीइतकीच तीही पोचायला हवी.

पी-सिलेक्टिनला अडवणाऱ्या क्रिझानलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत लाभ सिद्ध न झाल्याने युरोपने २०२३ मध्ये मान्यता काढून घेतली. पेशींना परस्परांपर्यंत पोचण्याच्या वाटा अनेक असल्याने आता इतर टप्प्यांवरही संशोधन चालू आहे.