बर्फाखालच्या लाटा

ऑगस्ट १८९३. नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांचे ‘फ्राम’ जहाज सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ अचानक मंदावले. समुद्र शांत होता, इंजिन पूर्ण जोर लावत होते, तरी जहाज जेमतेम सरकत होते. स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी टाकीत प्रयोग करून १९०४ मध्ये त्याचे कारण दाखवले. खाऱ्या, जड पाण्यावर गोड्या पाण्याचा थर पसरला होता आणि जहाजाची शक्ती या दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवण्यातच खर्ची पडत होती.

या अंतर्गत लाटा वाऱ्यामुळे आणि भरती-ओहोटीमुळेही उठतात. वरून त्यांचा सहसा पत्ता लागत नाही, आत मात्र त्या कित्येक मीटर उंच असतात. त्या फुटल्या की थर एकमेकांत मिसळतात. आर्क्टिकमध्ये धोका नेमका इथेच आहे. तिथल्या थंड, कमी खाऱ्या पाण्याखाली अटलांटिकमधून आलेले पाणी आहे. त्याचे तापमान शून्य अंशाच्या थोडेच वर, पण त्यात साठलेली उष्णता वरचा सगळा समुद्री बर्फ वितळवायला पुरेशी आहे. ती आजवर बहुतांशी खालीच राहिली, याचे एक कारण म्हणजे बर्फामुळे वारा पाण्याला फारसा घुसळू शकत नव्हता.

१९८०च्या दशकात सप्टेंबरमध्ये हा बर्फ सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असे. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला. अलास्काच्या वायव्येकडील चुकची समुद्रात नांगरलेल्या उपकरणांनी टिपले की बर्फ हटताच वाऱ्याने उठणाऱ्या अंतर्गत लाटा बळावतात. मग उष्णता वर येणारच, असे मात्र नाही. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी वरचा थर अधिक हलका करते आणि त्याला खालच्या पाण्यात मिसळायला जास्त जोर लागतो. मध्य आर्क्टिकमधील जुन्या-नव्या मोजमापांची तुलना केली, तेव्हा लाटा स्पष्टपणे वाढलेल्या दिसल्या नाहीत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या उत्तरेला तर तीव्र उतारांवर भरती-ओहोटीच उष्णता वर आणते, मग वर बर्फ असो वा नसो.

अंटार्क्टिकात अशा लाटांचे आणखी एक कारण सापडले. जानेवारी २०२० मध्ये विल्यम हिमनदीचे टोक समुद्रात कोसळले, तेव्हा ब्रिटिश संशोधकांचे जहाज जवळच होते. त्या आघाताने पाण्याच्या आत प्रचंड लाटा उठल्या आणि वेगवेगळे असलेले थर मिसळून गेले.

उपग्रह बर्फाचा विस्तार दाखवतो, त्याखालची उष्णता नाही. त्यासाठी पाण्यातच उपकरणे हवीत, वर्षभर, हिवाळ्यातही. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या सहभागाने ‘इंडआर्क’ हे भारताचे उपकरण २०१४ मध्ये स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्ड या खाडीत याच कामासाठी सोडण्यात आले. तिथल्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह ते मोजते.