वीण उघडी ठेवायची तर

कार्बन फायबरचं बॉनेट पहिल्यांदा उचलणारा माणूस हमखास जास्त जोर लावतो. वर्षानुवर्षं लोखंडी बॉनेटं काढून-बसवून हातांनी वजनाचा अंदाज आधीच बांधलेला असतो. हे बॉनेट त्या जोराने उसळून छातीपर्यंत येतं. मग तो ते पुन्हा खाली ठेवतो आणि टिचकी मारून बघतो. पत्रा खणखणतो, याचा आवाज मात्र पातळ लाकडी फळीसारखा कोरडा, बसका येतो. धातूशी याचं काही नातं नाही, हे कानांना डोळ्यांच्या आधी कळतं.

अमेरिकेत या भागाला ‘हूड’ म्हणतात. आपल्याकडे हूड म्हटलं की जुन्या जीपवरचं ताडपत्रीचं छत आठवतं, त्यामुळे इंग्रजांनी दिलेला ‘बॉनेट’च बरा. बॉनेट म्हणजे मुळात बायकांची टोपी, आणि कार्बनच्या बाबतीत ते नाव अधिकच शोभतं. कारण ही वस्तू खरोखर कापडापासूनच बनते.

ज्या अॅक्रिलिकच्या धाग्यांचे स्वस्त स्वेटर विणले जातात, त्याच जातीच्या पॉलिअॅक्रिलोनायट्राइलच्या तंतूंपासून बहुतेक कार्बन तंतू तयार होतात. हे तंतू आधी हवेत दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवतात. मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात, तेव्हा कार्बनखेरीज बाकीचं बरंचसं उडून जातं. मूळ वजनाच्या निम्म्याच्या आसपास उरतो तो काळाभोर तंतू. त्याची जाडी साधारण ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. असे ३,००० तंतू एकत्र करून एक पेड होतो, आणि हे पेड ताण्या-बाण्यात घालून कापड विणलं जातं. बॉनेटवर जी तिरक्या रेघांची चमकदार नक्षी दिसते, ती जीन्सच्या कापडाच्या कुळातलीच ट्विल वीण.

पण कापड कितीही मजबूत असलं तरी ते लुळंच. त्याला आकार देतं रेझिन, बहुतेक वेळा इपॉक्सी. साच्यात कापडाचे थर मांडायचे, त्यांच्यात रेझिन भिनवायचं आणि ते कडक होऊ द्यायचं, ही झाली मूळ कृती. साधा कारागीर हे काम ब्रश आणि रोलरने करतो. त्याहून नीट पद्धतीत साच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून आतली हवा ओढून घेतात, म्हणजे रेझिन कानाकोपऱ्यांत सारखं पसरतं. सर्वांत उंची काम ऑटोक्लेव्हमध्ये होतं. हा अवाढव्य प्रेशर कुकरच. त्यात आधीच रेझिन मुरवलेलं, फ्रीजरमध्ये राखलेलं कापड दाबाखाली आणि उष्णतेत पक्कं केलं जातं. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त बॉनेटांत वरचा एकच थर कार्बनचा असतो आणि खाली काचतंतूची भरती. ते वाईटच असतं असं नाही, पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं आणि घेणाऱ्याने विचारायला हवं.

हा तंतू मोटारीसाठी जन्मलाच नव्हता. १९५८ साली अमेरिकेत, क्लीव्हलँडजवळच्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना उच्च ताकदीचे कार्बन तंतू सापडले. पुढच्या दोन-तीन वर्षांत जपानमध्ये ओसाकाला अकिओ शिंदो यांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून ते बनवायची वाट दाखवली. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेने ते आणखी ताकदवान केले. रोल्स-रॉइसने आरबी२११ या जेट इंजिनाची पंख्याची पाती कार्बनची करायची ठरवली, पण पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे परतावं लागलं. त्या इंजिनाचा खर्च इतका चढला की १९७१च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं निघालं. कार्बन ताण विलक्षण सोसतो, पण ठोसा बसला तर धातूसारखा वाकून घेत नाही. हा त्याचा स्वभाव तेव्हाच उघड झाला होता.

दहा वर्षांनी याच स्वभावाची दुसरी बाजू दिसली. १९८१ साली मॅक्लारेनने जॉन बर्नार्ड यांनी आखलेली एमपी४/१ ही फॉर्म्युला वन गाडी शर्यतीत उतरवली. तिचा सांगाडा कार्बनचा होता आणि तो अमेरिकेतल्या युटामधल्या हर्क्युलिस कंपनीने घडवला होता. त्याच वर्षी मोन्झाला जॉन वॉटसन यांची गाडी कठड्यावर आदळली. इंजिन तुटून वेगळं झालं, पण वॉटसन स्वतःच्या पायांनी बाहेर आले. कार्बनवर शंका घेणारे त्यानंतर गप्प झाले.

शर्यतीतून हा पदार्थ रस्त्यावरच्या मोटारींत झिरपला, आणि बॉनेट ही त्याच्यासाठी सोपी पायरी ठरली. चार बोल्ट काढले की सुटतं, सांगाड्याला धक्का लागत नाही, आणि वजन कमी होतं ते गाडीच्या नाकाकडचं, तेही उंचावरचं. जपानच्या निस्सानने २००० साली स्कायलाइन जीटी-आर आर३४च्या व्ही-स्पेक टू आवृत्तीला कारखान्यातूनच कार्बनचं बॉनेट दिलं. त्याच्यावर हवा आत घेणारी त्रिकोणी खाच होती. शेवरले कॉर्व्हेट झेड०६ च्या २००४ सालच्या स्मृती आवृत्तीचं कार्बन बॉनेट ९.३ किलोचं होतं, नेहमीच्यापेक्षा सुमारे ४.८ किलो हलकं.

पावणेपाच किलो! साधारण १,४०० किलोच्या गाडीत हा आकडा फार मोठा नाही. शेजारच्या सीटवरचा माणूस उतरला तर याच्या दहा-पंधरा पट वजन घटेल. शर्यतीत असे पाच-पाच किलो सगळीकडून गोळा केले जातात, म्हणून तिथे त्याला अर्थ आहे. रस्त्यावर कार्बनचं बॉनेट लावणारा खरं तर त्या विणीच्या प्रेमात पडलेला असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गंमत अशी की निस्सान आणि शेवरले या दोन्ही कारखान्यांनी ती वीण बाहेरून रंगाखाली झाकली होती, हौशी लोकांनी ती उघडी ठेवली. बसवणं, जपणं, पॉलिश करणं, पिवळेपणाशी झुंजणं हा सगळा उद्योग या एका निवडीतून येतो. कारण सूर्याचं कार्बनशी भांडण नाहीच. ऊन तंतूला काही करत नाही. अतिनील किरण खातात ते वरच्या पारदर्शक रेझिनला. ते आधी पिवळसर पडतं, मग धुरकट होतं आणि शेवटी खडूसारखी भुकटी सोडू लागतं. रंग हा सूर्यापुढचा सगळ्यांत भक्कम पडदा असतो. तो काढून टाकला की त्याच्या जागी काहीतरी द्यावंच लागतं.

पण ते पुढचं. आधी बॉनेट बसायला हवं.

जाणता डेंटर नवं बॉनेट आलं की पॉलिश, रंग, फिल्म यांतलं काहीही करण्याआधी ते कोरडंच बसवून बघतो. साच्यातून निघालेल्या मालात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असू शकतो आणि एकदा काही फासलं की विकणारा परत घेत नाही. दोन्ही फेंडरांवर जुनी गोधडी किंवा जाड चादर अंथरायची. बिजागऱ्यांच्या कडेने मास्किंग टेप लावून त्यांची मूळ जागा खुणेने पक्की करायची. वायपरच्या पाण्याची नळी सोडवायची. मग दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, कारण शेवटचा बोल्ट निघताच मागचे कोपरे घसरून काचेवर आपटतात. हे काम एकट्याने करू नये.

नवं बॉनेट चढवताना बोल्ट फक्त हाताने फिरतील इतकेच लावतात. मग ते हळूहळू खाली आणून दोन्ही बाजूंच्या फटी बघायच्या. पुढे रुंद आणि मागे अरुंद असतील, तर बिजागरीवर बॉनेट किंचित फिरवायचं. उंची जुळत नसेल, तर कोपऱ्यांतले रबरी बफर वर-खाली करायचे. फटी जमल्यावरच लॉकचा आकडा जुळवायचा. या जुळवाजुळवीत तास-दोन तास सहज जातात, आणि चांगल्या कारागिराची पारख इथेच होते. पत्र्याचं बॉनेट कोपऱ्यात गुडघा देऊन थोडं वाकवता येतं. डेंटर मंडळींची ती जुनी युक्ती. कार्बनला गुडघा दिला तर तो जिथल्या तिथे परत येईल, नाहीतर तडकेल.

बोल्ट आवळण्याचीही तीच गोष्ट. लोखंड दाबाखाली थोडं बसतं आणि धरून ठेवतं. रेझिन चिरडतं. म्हणून रुंद वॉशर घालायचे आणि टॉर्क पान्याने बेताचंच आवळायचं. धातू कोणता, हेही बघायला हवं. कार्बन विजेचा वाहक आहे. तो अॅल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारट ओल आली की घडते ती बॅटरीच, आणि तिच्यात झिजतं अॅल्युमिनियम. विमानांत यासाठी दोहोंच्या मध्ये काचतंतूचा थर घालतात. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी किंवा पणजीच्या हवेत गाडी उभी राहणार असेल, तर स्टेनलेसचे बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर हा काही पुस्तकी सल्ला नव्हे.

काही गाड्यांत बॉनेट उचलून धरायला गॅसचे शॉकर असतात. ते जुन्या, जड बॉनेटच्या मापाचे. हलक्या बॉनेटला ते बंद असतानाही खालून ढकलत राहतात, आणि काही महिन्यांत कोपरे वर उठलेले दिसतात. कमी ताकदीचे शॉकर लावावेत किंवा सरळ लोखंडी दांडीचा आधार द्यावा.

बाहेरून घेतलेल्या बॉनेटांची सगळ्यांत गंभीर खोड म्हणजे लॉकचा आकडा. तो कधी पातळ थरात नुसता चिकटवलेला असतो. वेगात हवा खालून शिरते, आकडा उखडतो आणि बॉनेट उलटून काचेवर येतं. म्हणून शर्यतीच्या मैदानावर बॉनेट-पिना दिसतात. रस्त्यावरच्या गाडीतही आकड्याबद्दल जराशी शंका असेल, तर त्या लावाव्यात. भोकं पाडताना वरून मास्किंग टेप आणि खालून लाकडी ठोकळा द्यायचा, आधी बारीक ड्रिल, वेग कमी. नाहीतर खालचा थर फाटून बाहेर येतो. तोंडावर मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसांना चांगली नाही आणि कातडीला दिवसभर खाज आणते. भोकाच्या उघड्या कडांना शेवटी रेझिनचा हात द्यायचा, म्हणजे पाणी थरांत शिरत नाही.

लोखंडी बॉनेट फूटभर उंचीवरून धप्पकन सोडून द्यायची सवय आपल्या हाडामांसात भिनली आहे. कार्बनचं बॉनेट लॉकवर टेकेपर्यंत खाली आणायचं आणि पुढच्या कडेला, लॉकच्या जवळ, दोन्ही तळवे ठेवून दाबायचं. मध्यभागी नाही. गाडी पेट्रोल पंपावर किंवा सर्व्हिसिंगला दिली, तर हे तिथल्या माणसाला आधीच सांगायचं.

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना मर्यादा घालतं, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा ठामपणे अधोरेखित केली. त्यामुळे भारतात बॉनेट मागवण्याआधी आरटीओत विचारणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं हेच शहाणपणाचं. मूळ बॉनेट अपघातात ठरावीक जागी दुमडावं, पादचारी आदळला तर थोडं दबावं, अशा हिशोबाने घडवलेलं असतं. बाहेरून घेतलेलं बॉनेट त्या चाचण्यांतून गेलेलं आहे, असं धरून चालता येत नाही.

आता ऊन. मे महिन्यात नागपुरात किंवा सोलापुरात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही. साध्या खोलीच्या तापमानाला पक्की होणारी अनेक इपॉक्सी साठ ते ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. वरून ऊन आणि खालून इंजिन. टर्बो असलेल्या गाडीत तर बॉनेटच्या आतून उष्णता परतवणारी चकचकीत फिल्म लावावीच. नाहीतर गुळगुळीत पृष्ठभागावर विणीचे उंचवटे उमटू लागतात, काही वेळा बॉनेट किंचित वळतंही.

वरच्या बाजूचं पहिलं कवच म्हणजे अतिनील किरण शोषणारा क्लिअर कोट. चांगला कारखाना तो देतोच. शंका असेल तर पेंटरकडून दोन हात वाढवून घ्यावेत. त्यावर फिल्म. आज ज्याला पीपीएफ म्हणतात त्या पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्मचं मूळ व्हिएतनाम युद्धात आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने आणि खड्यांनी झिजू नयेत म्हणून थ्रीएम कंपनीने तशी टेप बनवली होती. सिरॅमिक कोटिंगने पाणी घसरतं, मळ कमी धरतो, पण समोरच्या ट्रकच्या टायरमधून उडालेला खडा ते अडवत नाही. तो फिल्मच अडवते. हायवेवर फिरणाऱ्याने सिरॅमिक मागे ठेवून आधी फिल्मवर खर्च करावा.

रोजच्या जपणुकीला मात्र पैसे लागत नाहीत. सावली शोधावी. पक्ष्याची विष्ठा वाळण्याआधी ओल्या मऊ फडक्याने भिजवून उचलावी, घासू नये. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली तर उन्हात वाळू देऊ नये, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग काळ्या विणीवर चांदण्यांसारखे दिसतात आणि क्लिअर कोटमध्ये खोल बसतात.

आणि एवढं करूनही सहा-आठ वर्षांनी एखादं बॉनेट पिवळं पडतंच. ते फेकायचं कारण नाही. पेंटर ते उतरवून घोडीवर आडवं ठेवतो आणि बारीक वॉटर पेपरने, पाणी सोडत, धुरकट क्लिअर कोट उतरवायला बसतो. सुरुवातीला ओघळणारं पाणी दुधासारखं पांढरं असतं. कडांवर आणि घड्यांवर त्याचा हात हलका होतो, कारण तिथे थर पातळ असतो. नजर पाण्याच्या रंगावर. त्यात काळी झाक दिसली की हात जागच्या जागी थांबतो, कारण पेपर तंतूपर्यंत पोचलेला असतो. तिथे आधी रेझिन भरायचं आणि मगच पुढचं अंग घासायला घ्यायचं.