गाडी कोणाला ओळखते?

गेल्या वर्षी बाबांनी सेकंडहँड गाडी घेतली. विकणाऱ्याने एकच किल्ली दिली. दुसरी हरवली म्हणाला. आम्ही खुशीत पेढे वाटले. मेकॅनिककाकांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "ती दुसरी किल्ली गाडीच्या मेमरीतून काढलीत का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

त्याचं असं आहे. रिमोटचं बटण दाबलं की तो रेडिओलहरींवरून गाडीला एक सांकेतिक आकडा पाठवतो. हा आकडा दर वेळी बदलतो, त्यामुळे एकदा वापरलेला आकडा कुणी टिपून पुन्हा पाठवला तरी गाडी तो मानत नाही. रिमोट आणि गाडी, दोघंही आपापली मोजणी ठेवतात. खिशात बटण चार-पाचदा दाबलं गेलं तर गाडी सांभाळून घेते. मोजणी फारच पुढे गेली की मात्र ओळख तुटते.

रिमोट 'प्रोग्रॅम' करणं म्हणजे ही ओळख करून देणं, गाडीच्या वहीत त्याचं नाव लिहिणं. फोर्डच्या अमेरिकेतल्या अनेक जुन्या मॉडेलांत किल्ली १० सेकंदांत ८ वेळा चालू-बंद केली की दारांची कुलपं आपोआप खटखटतात. म्हणजे गाडी शिकायला तयार! मग घरातल्या प्रत्येक रिमोटचं एकेक बटण दाबायचं. एकही विसरायचा नाही, कारण नवी यादी सुरू झाली की जुनी पुसली जाते. आजच्या बहुतेक गाड्यांना मात्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडावं लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिमोट चालेनासा झाला की लगेच प्रोग्रॅमिंगला पैसे घालू नका. आधी नवा सेल घालून बघा. सेल संपला म्हणून सहसा ओळख पुसली जात नाही. दुसरं, दार उघडणं वेगळं आणि इंजिन सुरू होणं वेगळं. इंजिनासाठी किल्लीच्या मुठीत निराळी चिप असते, तिची यादीही निराळी. हरवलेली किल्ली दोन्ही याद्यांतून काढावी लागते.

काकांनी मशीन लावलं. पडद्यावर आकडा आला : नोंदवलेल्या किल्ल्या ३.

आमच्या हातात होती एक. बाबांनी त्याच दिवशी सगळ्या नोंदी पुसून घेतल्या आणि आपली किल्ली नव्याने चढवली. सेकंडहँड गाडी घेताना कागदपत्रं सगळेच तपासतात. हा आकडाही विचारून घ्या.